खारूच्या दुखण्याचा तक्ता

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६:१०

आजपासून रोजनिशी. रोज सकाळी सहाला उठून लिहायची, न चुकता. (आज दहा मिनिटं उशीर. पेन सापडत नव्हतं.)

शनिवारी खारूच्या, माझ्या मुलीच्या, दुखण्याला एकदाचं नाव मिळालं. सात महिने, चार डॉक्टर, तीनदा रक्त, दोनदा एक्स-रे. सगळं नॉर्मल. शेवटी लहान मुलांचे सांधे बघणाऱ्या डॉक्टरबाई भेटल्या. अर्धा तास फक्त खारूशी बोलल्या, मग म्हणाल्या, फायब्रोमायाल्जिया. मी दोनदा म्हणून घेतलं. मोठ्यांना होतो तसा मुलांनाही होतो. जास्त करून तिच्याच वयाच्या मुलींना. ती तेरा पूर्ण.

सांधे ठीक, स्नायू ठीक, पण दुखणं शंभर टक्के खरं. शरीरात दुखण्याची खबर पोचवणारी जी यंत्रणा असते ती गरजेपेक्षा जास्त ओरडते. बाई म्हणाल्या, रेडिओचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवलाय आणि बटण सापडत नाही, असं समजा. मला ताबडतोब कळलं. माझा धंदाच तो. वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. काटा बिघडला की वर काही नसताना आकडा दाखवतो. उघडायचा, करेक्शन द्यायचं, प्रमाणित वजन ठेवून तपासायचा, सील लावायचं. संपला विषय.

हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, काट्याला झोप न लागल्यामुळे रडू येत नाही.

मुद्दा बरोबर आहे. पण तांत्रिक नाही.

बाईंच्या सूचना: झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली. रोज थोडं चालणं, पाच मिनिटांपासून सुरुवात, आठवड्याला एक मिनिट वाढवायचं. शाळा सोडायची नाही. दर सोमवारी समुपदेशक बाईंकडे जायचं, दुखण्याबरोबर कसं राहायचं ते त्या शिकवतील. गोळ्यांवर फार भिस्त ठेवायची नाही. आणि शेवटची सूचना: दुखतंय का, दुखतंय का, असं सारखं विचारायचं नाही.

शेवटच्या सूचनेवर मी विचार केला. सारखं विचारायचं नाही, म्हणजे ठरवून विचारायचं. दिवसातून चार वेळा.

१३ सप्टेंबरला परत बोलावलंय. सहा आठवडे. टार्गेट: दुखणं निम्म्यावर.

बायकोला फोनवर सगळं समजावलं. जूनपासून तिची बदली आहे, दुसऱ्या शहरात, रेल्वेनं नऊ तास. महिन्यातून एकदा येते. जाताना विचारत होती, तुला एकट्याला जमेल ना? हा काय प्रश्न झाला.

५ ऑगस्ट, मंगळवार

तक्ता तयार. फ्रिजवर चिकटवला. चार कॉलम: सकाळी ७, शाळेतून आल्यावर, संध्याकाळी ६, रात्री ९. शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य.

खारूनं विचारलं, असह्य म्हणजे किती? मी म्हटलं ते तूच ठरवायचं, तुझं दुखणं, तुझं प्रमाण. ती म्हणाली, मग दहा म्हणजे तू पाचव्यांदा विचारलंस तर.

विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगलं लक्षण. नोंद केली.

पहिला आकडा: ७. कुठे, कधीपासून, ठणकतंय की टोचतंय, कालपेक्षा जास्त की कमी, खांद्यात जास्त की मांड्यांत, सगळं विचारून लिहून घेतलं. तोवर तिचं दूध थंड झालं आणि शाळेची बस गेली. मी सोडायला गेलो. सुरुवातीला एवढं व्हायचंच.

७ ऑगस्ट, गुरुवार. रात्री ९:१५

सकाळी उठणं जमलं नाही, म्हणून आता लिहितोय. उद्यापासून पुन्हा सहा.

आकडे: ७, ८, ७, ७.

झोपेचा कार्यक्रम लागू केला. टीव्ही कपाटात ठेवला. दोघांचे मोबाईल नऊला ड्रॉवरमध्ये. तिच्या खोलीत जाड पडदा.

घर फार शांत झालं. फ्रिजचा आवाज एवढा मोठा आहे हे आजवर कळलं नव्हतं.

९:४०. ड्रॉवरमधून माझा मोबाईल काढला. कामाचं काही आलं असेल तर. आलं नव्हतं.

१० ऑगस्ट, रविवार

चालण्याचा पहिला दिवस. घरापासून औषधाच्या दुकानापर्यंत आणि परत. स्टॉपवॉच घेतलं होतं. ५ मिनिटं २० सेकंद. वीस सेकंद जास्तीचे मी मंजूर केले.

चालताना ती तिच्या मैत्रिणीबद्दल काहीतरी सांगत होती. शेजारी बसायची ती. आता दुसरीकडे बसते, की हिची जागा कुणाला दिली, असं काहीतरी. मी सेकंद मोजत होतो. घरी आल्यावर विचारलं, मगाशी काय म्हणत होतीस? ती म्हणाली, काही नाही.

उद्यापासून स्टॉपवॉच खिशात ठेवायचं. म्हणजे दिसणार नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

फरक पडायला लागला!

सोमवार ५. काल ४. आज सकाळी ३, दुपारी ३, संध्याकाळी ३, आत्ता ३. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या काही महिने लागतील. आम्हाला दहा दिवस लागले. शिस्त असेल तर काय होतं बघा.

बायकोला फोन लावला. सांगितलं, तीनवर आणली. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तीन असं तिनं सांगितलं? मी म्हटलं सांगितलं कशाला, तक्त्यावर आहे. ती म्हणाली, बरं.

तिकडे नेटवर्क खराब असतं.

नंतर खारू रोजच्यासारखी फोन घेऊन आत गेली आणि दार लावून पाऊण तास बोलली. आई-मुलीचं काय एवढं असतं कोण जाणे. मी तोपर्यंत कणसाचं सूप केलं. ते घट्ट झालं, पाणी घातलं, पातळ झालं. मग एकट्यानं प्यायलो.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी

आठवड्याला एक मिनिट हा वेग तीन आकडा असलेल्या मुलीसाठी कमी आहे. डॉक्टर सगळ्यांना सारखंच सांगतात, त्यांचा नाइलाज असतो. मी आज तळ्यापर्यंत जायचं ठरवलंय. जाऊन येऊन पाऊण तास. आत्मविश्वास वाढेल.

त्याच दिवशी, दुपारी

जाऊन आलो. तळं छान होतं.

रेल्वेवरचा पादचारी पूल चढताना खारू म्हणाली, बाबा, जरा बसूया का. मी म्हटलं, एवढा पूल उतरू, मग बसू. पूल उतरल्यावर बाकावर कुणीतरी झोपलेलं होतं. मग तिनं परत विचारलं नाही. मीही विषय काढला नाही, तिचा उत्साह मोडेल म्हणून.

परत आल्यावर बिल्डिंगच्या तिसऱ्या पायरीवर बसली आणि बूट काढले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. कठड्याला धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली, दोन वर्षांची असताना चढायची तशी. तिचं नाव खारू पडलं तेच मुळी ती जिन्यावर सरसर चढायची म्हणून. आज अठ्ठावीस पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली. मी मागून शाब्बास, शाब्बास म्हणत होतो.

तक्ता: ३.

२० ऑगस्ट, बुधवार

शाळेला तिसरा दिवस दांडी. पलंगावरच आहे. चादर अंगाला लागलेली चालत नाही. काल केस विंचरताना डोळ्यांतून पाणी आलं. डोकं दुखतंय, पोटात कसंतरी होतंय, पुस्तक वाचलं तर तीच ओळ परत परत वाचते म्हणाली.

आकडा मात्र तीनच. चारही वेळा.

याचा अर्थ, दुखणं आटोक्यात आहे, हा थकवा आहे. थकव्यासाठी वेगळा कॉलम आखला. कॉलम बघून ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

डॉक्टरबाईंना फोन केला. पाऊण तास चाललो हे सांगितलं. त्या म्हणाल्या, बऱ्या दिवशी सगळी शक्ती संपवली की पुढचे चार दिवस आडवे जातात, म्हणूनच थोडं थोडं वाढवायचं असतं. पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू करा. आणि ती बसूया म्हणाली की बसा.

बाकावर माणूस झोपला होता हे सांगायचं राहिलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अर्धी रजा टाकून शाळेत गेलो. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत. तासाच्या मध्ये उठून उभं राहायला, जिना टाळायला, अर्धा दिवस बसायला परवानगी दिली. पीटीचे सर तिथेच होते. त्यांनी विचारलं, रिपोर्ट काय म्हणतात? मी म्हटलं, नॉर्मल. ते हसले आणि म्हणाले, मग झालं तर. या वयात मुली नाटकं करतात.

मी उभा राहिलो. आवाज चढला माझा. म्हटलं, माझी मुलगी खोटं बोलत नाही. तिचा बाप आहे मी, पहिल्या दिवसापासून माझा तिच्यावर विश्वास आहे.

वर्गशिक्षिकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाहेर पडताना छाती फुगली होती. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि जरा कमी झाली.

पहिल्या दिवसापासून म्हणजे साधारण. जानेवारीत एकदा शाळेतून तिचा फोन आला होता. पाय दुखतायत, घ्यायला येतोस का. मी शहराबाहेर ट्रक तोलायच्या काट्याखाली आडवा झालो होतो. मी म्हटलं, नाटकं पुरे, चालत ये. अर्ध्या तासाचा रस्ता. तिला दोन तास लागले. घरी आल्यावर मी तिला उशिराबद्दल बोललो.

पण तेव्हा माझ्याकडे रिपोर्ट नव्हते. आणि रिपोर्ट आले तेही नॉर्मल आले. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर

(पुढे लिहायचं राहिलं. दुधाचं भांडं उतू गेलं.)

२६ ऑगस्ट, मंगळवार

ती शाळेत जायला लागली. अर्धा दिवस. चालणं पुन्हा पाच मिनिटांवर. आकडा ३.

वर्कशॉपमध्ये जेवायच्या सुट्टीत फायब्रोमायाल्जिया समजावून सांगायचं काम मी महिनाभर करतोय. पॅकिंगच्या कागदावर आकृतीसुद्धा काढतो: मेंदू, मणका, रेडिओ. हल्ली सगळे खिडकीपाशी बसतात. मोठं टेबल माझ्या एकट्याकडे. जागा भरपूर मिळते, डबा नीट पसरता येतो.

शेजारच्या बेंचवरचे म्हातारे मेकॅनिक तेवढे आज येऊन बसले. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही. मी वीस मिनिटं समजावलं. शेवटी म्हणाले, पोरीला माझा आशीर्वाद सांग. मग लक्षात आलं, त्यांचा तोच कान माझ्याकडे होता.

१ सप्टेंबर, सोमवार

समुपदेशक बाईंकडे चौथी वेळ. खारू आत, मी बाहेर. मासे ठेवलेत तिथे काचेच्या पेटीत. सहा आहेत. एक नेहमी कोपऱ्यात असतो.

घरी येताना विचारलं, काय बोललात? म्हणाली, श्वास कसा घ्यायचा ते, आणि दुखत असताना मनात काय काय येतं ते.

काय येतं? मी विचारलं.

ते तिथे बोलायचं असतं, बाबा.

मी म्हटलं माझ्याशीही बोलू शकतेस, अगदी मित्रासारखं. ती म्हणाली, हो. मग घरापर्यंत दोघंही गप्प. मित्र गप्प बसू शकतात, हीच तर खरी मैत्री.

६ सप्टेंबर, शनिवार

बायको आली. काल संध्याकाळी. खारूचा चेहरा एकदम खुलला होता.

दुपारी दोघी एका पलंगावर आडव्या, दार लोटलेलं. आतून हसण्याचा आवाज. कितीतरी दिवसांनी ऐकला. चहा करून घेऊन गेलो. मी आत गेलो आणि हसणं थांबलं. चहा ठेवून बाहेर आलो. परत सुरू झालं.

चहात साखर घालायची राहिली होती हे नंतर कळलं. कुणी बोललं नाही.

संध्याकाळी बायको फ्रिजसमोर उभी राहून तक्ता बघत होती. पंचवीस ओळी नुसत्या तीन, तीन, तीन. मला म्हणाली, हे काढून टाक ना. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी डॉक्टरांना दाखवायचाय, हा डेटा आहे. ती म्हणाली, अरे, मुलगी आहे ती आपली. मी म्हटलं, म्हणूनच तर.

ती काहीतरी बोलणार होती. खारूनं आतून हाक मारली, आई! आणि ती आत गेली. तिच्या हाकेत काहीतरी घाई होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ग्राफ काढला. आलेख-कागदावर, तीन रंगांत. रेघ सातापासून निघते, दुसऱ्या आठवड्यात घसरते आणि तीनवर स्थिर. वीस वर्षांत एवढा सुंदर ग्राफ मी कुठल्याही काट्याचा बघितलेला नाही. रंगीत झेरॉक्स काढायला गेलो तर झेरॉक्सवाला म्हणाला, कुठल्या कंपनीचा शेअर आहे? बराच आपटलाय. मी म्हटलं, आपटलाय तेच चांगलं आहे. त्याला समजलं नाही. प्रत्येकालाच सगळं समजायला हवं असं नाही.

डॉक्टरबाई बहुधा विचारतील, दुसऱ्या पालकांना दाखवू का? मी हो म्हणणार. नाव घालू नका म्हणणार.

१३ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ८

इस्त्रीचा शर्ट. ग्राफ फोल्डरमध्ये. निघतो.

संध्याकाळी ५

लिहायचं नव्हतं. पण रोज लिहायचं ठरवलंय.

डॉक्टरबाईंनी ग्राफ बराच वेळ बघितला. मग उलटा करून टेबलावर ठेवला आणि खुर्ची खारूकडे वळवली.

"गेला आठवडा कसा गेला?"

खारूनं माझ्याकडे बघितलं.

"बाबांना बाहेर थांबायला सांगू का?"

"नको. असू दे त्याला." मग हळू आवाजात, "सातच असतं. कधी आठ. तळ्यावर गेलो होतो तेव्हा नऊ होतं."

मी म्हटलं, अगं पण तीन... तक्त्यावर तर... बाईंनी हात वर केला. मी थांबलो.

"मग तीन का लिहायचीस?"

"दोन लिहिलं असतं तर बाबाला खरं वाटलं नसतं."

"आणि सात लिहिलं असतं तर?"

ती बराच वेळ बोटं मोडत बसली. "सात लिहिलं की तो खूप प्रश्न विचारतो. मग मोबाईलवर वाचत बसतो. जेवत नाही, बोलत नाही. तीन लिहिलं की शिट्टी वाजवतो."

मी शिट्टी वाजवतो हे मला माहीत नव्हतं.

"आधी मी खरं सांगितलं होतं," ती म्हणाली. "जानेवारीत. तेव्हा तो नाटक म्हणाला. आता खरं सांगितलं की घाबरतो. मला मधलं काहीतरी पाहिजे होतं."

खोलीत पंखा होता, कुरकुरत होता. बेअरिंग गेलंय त्याचं. हे मी बाईंना सांगितलं. खरंच सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पंखा बघायला सांगते. मग म्हणाल्या, आकडा खाली येणं हे आपलं पहिलं काम नाही. ती शाळेत किती गेली, कुणाशी बोलली, हसली का, हे बघायचं. दुखणं मागून सावकाश खाली येतं, बऱ्याच मुलांचं येतं. झोप सुधारलीय तिची, अर्धा दिवस शाळा होतेय, हे सगळं तिनं सात आकडा असताना केलंय. केवढी मोठी गोष्ट आहे. तुम्ही हे बघितलंत का?

मी तीन बघत होतो.

दर शनिवारी इथेच कोमट पाण्याच्या टाकीत मुलांचे व्यायाम असतात, तिथे तिचं नाव घातलं.

रिक्षात तिनं विचारलं, रागावलास? नाही म्हटलं. बायकोला फोन केला. तिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. खारू तिला रोजचे खरे आकडे सांगायची आणि शपथ घालायची, बाबाला सांगू नकोस.

फोनवरचे ते पाऊण-पाऊण तास.

१४ सप्टेंबर, रविवार

तक्ता काढला. फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीचे चार चट्टे राहिलेत.

निश्चय: विचारायचं नाही. एकदाही नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस विचारलेलं नाही. सकाळी फक्त म्हटलं, दूध गरम आहे का? खारू म्हणाली, बाबा, तोच आवाज.

मी म्हटलं, कुठला आवाज? म्हणाली, दुखतंय का विचारायचास तोच.

दिवसभर वर्कशॉपमध्ये वेगवेगळ्या आवाजात "दूध गरम आहे का" म्हणून बघितलं. म्हातारे मेकॅनिक चांगला कान पुढे करून म्हणाले, कुठंय दूध?

२० सप्टेंबर, शनिवार

टाकीतला पहिला दिवस. पाणी छातीपर्यंत. दहा-बारा मुलं, व्यायाम घेणाऱ्या बाई काठावरून सांगतात, हात पसरा, पाय उचला. खारू पहिली दहा मिनिटं कडेचा बार धरून उभी होती. मी काचेपलीकडून अंगठा दाखवत होतो. तिनं एकदाच बघितलं.

घरी येऊन झोपली. मी स्वयंपाकघरात बसून राहिलो. टीव्ही कपाटातून काढला. लावला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

जानेवारीचं बोलायचं ठरवलं होतं. कालपासून वाक्य जुळवत होतो. मटार सोलायला घेतले, ती पण बसली. थोडे सोलायची, मग हात मांडीवर ठेवायची, मग परत.

मी सुरू केलं, त्या दिवशी फोन आला तेव्हा मी काट्याखाली होतो, आणि तोवर एकही रिपोर्ट हातात नव्हता, आणि नंतर जे आले ते सुद्धा...

ती म्हणाली, बाबा, रिपोर्ट नको ना.

मी थांबलो. एक शेंग सोलली. मग म्हटलं, चुकलं माझं.

ती म्हणाली, हं.

मला वाटलं पुढे काही बोलेल. तिनं आणखी काही शेंगा सोलल्या आणि आत गेली. जाताना तिच्या वाटीतले मटार माझ्या वाटीत ओतले. त्यात टरफलंही होती.

११ ऑक्टोबर, शनिवार

मधले दिवस लिहिले नाहीत. लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे मला कळण्यासारखं. काल ती पूर्ण दिवस शाळेत बसली. परवा अजिबात गेली नाही.

आज टाकीवर चौथी खेप. तिला तिथे एक मैत्रीण झालीय. तिच्याच वयाची, चष्मेवाली, तिलाही हेच आहे. दोघी पाण्यात शेजारी शेजारी उभ्या राहून हात फिरवतात आणि बोलत असतात. बाई ओरडतात, गप्पा नंतर! तेवढ्यापुरत्या थांबतात. आज चष्मेवालीनं काहीतरी सांगितलं आणि खारू एवढी हसली की नाकात पाणी गेलं. मी काचेपलीकडे उभा राहिलो, काय झालं बघायला.

ती काठाशी आली. ओले केस कपाळावर. काच ठोठावली. मी दार उघडलं.

म्हणाली, बाबा, तू बाहेर थांबशील? सगळ्यांचे बाबा बाहेर असतात.

मी बघितलं. सगळ्यांचे बाबा बाहेरही नव्हते. कुठेच नव्हते. पण म्हटलं, हो, हो, थांबतो ना.

पॅसेजमधल्या बाकावर बसलो. शेजारी चपला-बुटांचं कपाट. तिचे बूट कुठले ते लगेच ओळखू आले. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि मुलांचा. त्यातला तिचा कुठला ते कळत नव्हतं. अजून पंचवीस मिनिटं होती.

साफसफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या. कुणासाठी बसलात, विचारलं. मी म्हटलं, मुलीसाठी. आत आहे.

लई दुखतं का तिला?

मी तोंड उघडलं. सगळं समजावून सांगता आलं असतं, मेंदू, मणका, रेडिओ.

माहीत नाही, म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, पाय वर घ्या, फरशी पुसायचीय.

घेतले.